फुलदाणीजवळचा माणूस

नाना जेवायला कधी साधे येऊन बसले नाहीत. आधी स्वयंपाकघरात स्टीलच्या ताटावर पळी एकदाच, घणकन वाजायची. मग दार सावकाश उघडायचं आणि लेंगा-झब्ब्यातले नाना दोन्ही हात एकमेकांच्या बाह्यांत खुपसून, पापण्या अर्ध्या मिटून, पाय न उचलता सरकत आत यायचे. टेबलाशी थांबून आम्हां प्रत्येकाकडे आळीपाळीने बघायचे आणि अत्यंत शुद्ध इंग्रजीत, शब्द चाखत चाखत म्हणायचे, "मित्रहो, तुम्ही आलात, आनंद झाला. परत जाण्याचा विचार मात्र आता सोडून द्या." एवढं झालं की खुर्ची ओढून नेहमीच्या आवाजात, "मेधा, आमटीत आज गूळ जास्त पडलाय." पहिल्या दिवशी मला वाटलं, म्हातारबुवांचं डोकं फिरलंय. पुढे पुढे त्या ताटाच्या आवाजाशिवाय मला भूक लागेनाशी झाली.

नाना म्हणजे मेधाताईचे वडील. पुण्याच्या एका शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलं आणि बायको गेल्यावर लेकीकडे सिंगापूरला आले. मेधाताई माझ्याच कॉलेजातली, माझ्या बरीच पुढची. इथे आयटीत मॅनेजर. मी पोस्टडॉक म्हणून इथल्या विद्यापीठात आलो तेव्हा तिने पासिर रिसच्या आपल्या फ्लॅटमधली छोटी खोली मला दिली आणि एकच अट घातली. म्हणाली, "आम्ही नवरा-बायको दोघंही दिवसभर ऑफिसात असतो. येता-जाता नानांशी बोलत जा." मला वाटलं, पेन्शन, गुडघे आणि पुण्यातल्या नळाचं पाणी, एवढ्या विषयांवर भागेल. पण नाना बोलत फक्त खलनायकांबद्दल. तेही सगळ्या नाही. सिनेमा नुकता बोलायला लागला होता त्या काळातल्या काळ्या-पांढऱ्या इंग्रजी थरारपटांत एक चिनी खलनायक ठरलेला असे. लांब मिशा, लांब नखं, रेशमी झगा, भिंतीत चोरदार, टेबलावर धुपाचा धूर आणि डोक्यात जग जिंकायचा बेत. त्या माणसावर नानांचा जीव होता.

हे सिनेमे त्यांनी पाहिले शाळकरी वयात, पुण्याच्या लष्कर भागातल्या एका थिएटरात, रविवार सकाळच्या खेळाला. तेव्हाच ते जुनेपुराणे झालेले, रिळं झिजलेली. आता म्हातारपणी जावयाने लॅपटॉपवर ते कसे शोधायचे हे शिकवल्यावर नानांना रान मोकळं मिळालं होतं. दुपारी मी घरी असलो की हाक यायची, "ये रे, आपले डॉक्टरसाहेब आलेत." हा खलनायक जवळजवळ नेहमी डॉक्टर असायचा, निदान प्रोफेसर तरी. नाना म्हणत, "अख्ख्या सिनेमात शिकलेला माणूस हा एकच. बाकीचे नुसते टोप्या घालून धावतात."

त्यांच्याबरोबर सिनेमा बघणं हे एक शिक्षणच होतं. एकदा मी नायिकेकडे बघत होतो, स्वाभाविकच होतं ते, तर नानांनी पडद्यावर बोट ठेवलं. "तिच्याकडे काय बघतोस? फुलदाणीकडे बघ." टेबलावर एक फुलदाणी होती खरी. नाना म्हणाले, त्या काळी मायक्रोफोन हे अवजड धूड असे, ते लपवायला जागा लागायची. म्हणून तो फुलदाणीत दडवायचे आणि ज्याला बोलायचं असेल त्याने तिच्या आसपास राहायचं. नायक बिचारा मर्दानगी दाखवायला खोलीभर फिरतो आणि त्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा होतो. डॉक्टरसाहेब मात्र फुलदाणी सोडत नाहीत. हलत नाहीत, ओरडत नाहीत, आणि म्हणून त्यांचा शब्द न् शब्द ऐकू येतो. "खलनायकाला घाई नसते," नाना म्हणत. हे वाक्य ते कुठेही वापरत. एमआरटीचं, म्हणजे इथल्या मेट्रोचं, दार बंद होताना मी पळायला लागलो तरी, मेधाताईने फोनवर टीमला झापलं तरी. आजही एखाद्या मीटिंगमध्ये जो शांत बसलेला असतो त्याच्यापुढे मला फुलदाणी दिसते.

घराबाहेर नानांना एकच मित्र होता. आमच्या इमारतीत खाली व्हॉइड डेक होता, म्हणजे खांबांवरच्या इमारतीखालची मोकळी, सावलीची जागा. तिथल्या दगडी टेबलाशी चौथ्या मजल्यावरचे कोह अंकल रोज सकाळी चिनी बुद्धिबळाचा पट मांडून बसत. हेही निवृत्त शिक्षक, गणिताचे. काटकुळे, खिशाला पेन लावणारे, बोलायला कंजूष. दोन मास्तर एकमेकांना लांबूनही ओळखतात. नाना आले त्या आठवड्यातच समोर जाऊन बसले, आणि मग ती सकाळची बैठक कधी चुकली नाही.

चिनी बुद्धिबळात सोंगट्या म्हणजे गोल लाकडी चकत्या, वर चिनी अक्षरं. पटाच्या मधोमध आडवी नदी. त्यात हत्तीही आहे, पण तो तिरका चालतो आणि त्याला नदी ओलांडता येत नाही. हे नानांना शेवटपर्यंत पटलं नाही. "आमच्याकडे हत्ती सरळ जातो. तिरका जातो तो उंट," असं म्हणून ते हत्ती सरळ पुढे दामटत आणि थेट नदीपलीकडे नेऊन ठेवत. अंकल काही न बोलता तो उचलून मागे ठेवत. "कॅनॉट क्रॉस, लाह." 'लाह' म्हणजे इथलं 'बरं का'. नाना म्हणत, "सवय हो, सवय." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मला वाटतं पुढे पुढे ते मुद्दाम करत असावेत.

त्या वर्षी मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात रहस्यनाट्य करायचं ठरलं. नाटक नानांचंच. शाळेच्या स्नेहसंमेलनात त्यांनी ते किती वेळा बसवलं होतं कोण जाणे. एक शापित हिरा, एक इंग्रज डिटेक्टिव्ह, आणि हिऱ्यामागे लागलेला चिनी डॉक्टर. डॉक्टर अर्थात नाना. मरीन परेडला एका सभासदाच्या कॉन्डोत वाचन झालं आणि लोक हसून हसून लोळले. सगळे इथे मुरलेले लोक. कुणाचा बॉस चिनी, कुणाच्या मुलाचा जिवलग दोस्त चिनी, रोजचं जेवण हॉकर सेंटरमधल्या चिनी मावशीच्या हातचं. पण मराठीत वाचन सुरू झालं की आपण पुण्यात असतो. त्या डॉक्टरचा आणि खाली भेटणाऱ्या माणसांचा काही संबंध आहे हे आम्हां कुणाच्याही मनात आलं नाही. नानांनी तर उत्साहाने अंकलना पहिल्या रांगेचं आमंत्रणही देऊन टाकलं. म्हणाले, "माझी भूमिका काय आहे ते सांगणार नाही. सरप्राइज."

प्रयोगाच्या आधीच्या शनिवारी त्यांनी घरी मेकअप करून पाहिला. मेकअप त्यांचा त्यांनीच करायचा, तशी शाळेपासूनची शिस्त. बराच वेळ आरशासमोर बसून त्यांनी मिशा चिकटवल्या, भुवया वर खेचल्या आणि पारदर्शक चिकटपट्टीने डोळ्यांचे कोपरे कानाकडे ओढून घेतले. मेधाताईचा जुना रेशमी गाऊन अंगावर चढवला. आणि मग त्यांना राहवेना. आठवडाभर थांबणं त्यांच्या जिवावर आलं. "ताट घे," मला म्हणाले, "अंकलना दाखवून येऊ."

लिफ्टमधून आम्ही खाली उतरलो. अंकल सोंगट्या मांडत होते. मी ताटावर पळी मारली. नाना खांबामागून सरकत पुढे आले, हात बाह्यांत, मान किंचित कललेली, आणि म्हणाले, "मित्रा, तू आलास, आनंद झाला."

अंकलनी मान वर करून पाहिलं. हातातली सोंगटी त्यांनी जागेवर ठेवली. मग उठून ते नानांच्या अगदी जवळ आले आणि डोळ्याजवळच्या चिकटपट्टीकडे बघत हळू आवाजात इंग्रजीत म्हणाले, "तुमची कातडी पातळ आहे. म्हातारी माणसं आपण. ही पट्टी काढताना पाणी लावून काढा, नाहीतर सोलून निघेल." एवढं बोलून त्यांनी सोंगट्या डब्यात भरल्या, पट गुंडाळला आणि ते लिफ्टकडे निघून गेले.

"त्यांना बरं नाही, वाटतं," नाना म्हणाले.

संध्याकाळी मेधाताई घरी आली तेव्हा नाना मिशा काढून बसले होते आणि डोळ्याच्या कडा लाल झाल्या होत्या. झालेला प्रकार ऐकून ती मटकन सोफ्यावर बसली.

"नाना, तुम्ही हे घालून खाली गेलात? डोळ्यांना पट्टी लावून? अंकलसमोर?"

"अगं, मेकअप आहे तो."

"कशाचा मेकअप, नाना? त्यांच्या चेहऱ्याचा."

त्या दिवशी ताट वाजलं नाही. नाना गुपचूप येऊन जेवले आणि आमटीला नावंही न ठेवता उठून गेले. मला फार चुकल्यासारखं झालं.

पुढचे काही दिवस फार वाईट गेले. सकाळी नाना खाली जाऊन त्या दगडी टेबलाशी बसत. पट अंकलचा, त्यामुळे समोर नुसता दगड. अंकल बाजाराला जाताना पलीकडच्या जिन्याने जात; खांबांमधून त्यांची पिशवी तेवढी दिसे. या परक्या गावात नानांना नावाने हाक मारणारं घराबाहेर दुसरं कुणी नव्हतं, आणि तो माणूस आता वाट वाकडी करून जात होता. मी म्हटलं, "नाना, वर जाऊन सॉरी म्हणून या." ते म्हणाले, "म्हणेन रे. पण कशाबद्दल म्हणू, ते आधी मला नीट कळू दे. मी त्याला चिडवायला गेलो नव्हतो. मी त्याला माझा हिरो दाखवायला गेलो होतो." जन्मभर पोरांना इंग्रजी शिकवलेल्या माणसाला एक इंग्रजी वाक्य जुळवता येत नव्हतं.

मग एका सकाळी अंकलच आले. पट मांडला. मी विद्यापीठात जायला निघालो होतो, पण पाय निघेना म्हणून बाजूच्या बाकावर बसलो. पहिला डाव दोघंही मुकाट्याने खेळले. नानांनी हत्ती नियमाने तिरका चालवला. ते बघून मला गलबलून आलं.

दुसरा डाव मांडता मांडता अंकल बोलायला लागले. ते लहान असताना त्यांचे वडील गोदीवरच्या एका इंग्रज कंपनीत कारकून होते. एका सुट्टीला वडिलांनी त्यांना सिनेमाला नेलं, उघड्यावरच्या थिएटरात. पडद्यावर ताटाएवढी घंटा घणकन वाजली, धूर आला, आणि लांब मिशांचा एक माणूस सरकत पुढे आला. प्रेक्षक सगळे चिनी. ते हसत होते, टाळ्या पिटत होते, कारण इतकं विनोदी ध्यान त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. अंकलही हसले. वडील मात्र उठले आणि मुलाचा हात धरून चालू लागले. "का ते मला पुष्कळ वर्षांनी आईने सांगितलं," अंकल म्हणाले. "ऑफिसातला साहेब माझ्या वडिलांना नावाने हाक मारत नसे. त्या सिनेमातल्या माणसाच्या नावाने मारायचा. सगळ्यांसमोर, रोज. आणि वडिलांना उठून 'येस सर' म्हणावं लागायचं. नाव कुठून आलं ते त्यांना माहीत नव्हतं. त्या दिवशी त्यांनी ते पडद्यावर पाहिलं."

नानांनी हातातली सोंगटी खाली ठेवली. मग म्हणाले, "मी तुमची माफी मागतो. तुमचीही आणि तुमच्या वडिलांचीही." आणि थोड्या वेळाने, "एक सांगू? आम्ही टाळ्या वाजवायचो ते हसू येतं म्हणून नाही. पुण्याच्या लष्करातून साहेब नुकता गेला होता. माझे वडील त्याला रस्त्यात बघून सायकलवरून उतरत असत. आणि पडद्यावर हा एक माणूस होता, आपल्यासारखाच काळ्या केसांचा, साहेबाहून चांगलं इंग्रजी बोलणारा, आणि त्याला बघून साहेबाला घाम फुटायचा. आम्हां पोरांना मनापासून वाटायचं की एकदा तरी हा जिंकावा. यात कुणाचा तरी अपमान आहे हे आमच्या डोक्यात कधी शिरलं नाही."

एकाच सिनेमाला एका गावातला मुलगा टाळ्या वाजवत बसला होता आणि दुसऱ्या गावातला मुलगा हाताला धरून बाहेर काढला जात होता. ती दोन मुलं म्हातारी होऊन पासिर रिसला समोरासमोर बसली होती. यावर आमच्या विद्यापीठात कुणी तास दोन तास बोललं असतं. या दोघांनी पुढची चाल केली.

मग अंकलनी विचारलं, "पुढे काय होतं?"

"कुठे पुढे?"

"सिनेमात. आम्ही मध्येच उठलो ना. शेवट मी बघितलाच नाही."

नानांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रंग आला. त्याच दुपारी आमच्या दिवाणखान्यात लॅपटॉप लागला. वर्णनावरून नानांनी तो सिनेमा लगेच ओळखला होता. मी चहा केला. अंकल हात मांडीवर ठेवून, परीक्षेला बसल्यासारखे बसले. डॉक्टर पडद्यावर आला तसे ते पुढे वाकले, चष्मा पुसला, परत पाहिलं.

"हा आंग मो आहे," ते म्हणाले. आंग मो म्हणजे गोरा.

"हो तर," नाना म्हणाले. "यांच्यातला एकही चिनी नसायचा. पट्टी लावायचे."

अंकल कितीतरी वेळ त्या चेहऱ्याकडे बघत होते. "माझ्या वडिलांना हे दिसलं नसेल," ते म्हणाले. "ते फार लवकर उठले." मग पुसटसं हसले. नानांनी हलकेच पडद्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "त्याला सोडा. फुलदाणीकडे बघा." त्यानंतर दोघांनी मिळून अख्खा सिनेमा फुलदाणीसाठी पाहिला. ती एका प्रसंगातून दुसऱ्या प्रसंगात आपोआप पोचलेली दिसली की अंकल मांडीवर थाप मारत. शेवटी डॉक्टर जमिनीतल्या चोरदारातून खाली कोसळला आणि पडदा काळा झाला. अंकलनी विचारलं, "मेला?"

"छे," नाना म्हणाले. "प्रेत सापडत नाही. पुढच्या सिनेमात परत येतो."

नाटक झालं. नानांनी ते उरलेल्या दिवसांत बदललं. झगा नाही, मिशा नाही, पट्टी तर नाहीच. हिऱ्यामागे लागलेला माणूस आता पुण्याचा एक निवृत्त इंग्रजीचा मास्तर होता. धोतर, काळा कोट, हातात खडू. वाचनाला हसून लोळलेले लोक या वेळी हसले नाहीत, उलट जरा टरकले, कारण असा मास्तर प्रत्येकाने एकदा तरी भोगलेला होता. पण रंगमंचावर नानांनी एक फुलदाणी मागवून घेतली होती आणि सबंध प्रयोगभर ते तिच्याजवळून हलले नाहीत. डिटेक्टिव्ह झालेला आमचा कुलकर्णी गोल गोल फिरून घामाघूम झाला. लोकांना वाटलं, नानांचे गुडघे दुखत असतील. पहिल्या रांगेत कोह अंकल मराठीचं अक्षरही न कळता बसले होते, आणि भलत्याच जागी एकटेच हसत होते. ताट मी एकदा उशिरा वाजवलं, त्याबद्दल नानांनी मला प्रयोगानंतर झापलं.

पुढच्या वर्षी मेधाताईच्या कंपनीने तिचं काम पुण्याला हलवलं आणि सगळं बिऱ्हाड आवरलं. विमानतळावर जायची टॅक्सी आली तेव्हा अंकल खाली उभे होते. निरोप कसा घ्यायचा हे दोघांनाही कळेना. शेवटी नानांनी हात बाह्यांत खुपसले, पापण्या अर्ध्या मिटल्या, तेवढ्यात एकदम भान येऊन ते थांबले. अंकल म्हणाले, "करा, करा. आता चालेल." मग नानांनी ते केलं, पट्टीशिवाय, आणि म्हणाले, "मी मरत नाही. पुढच्या सिनेमात परत येतो."

ते आले नाहीत. मला नोकरी लागून मी सिंगापुरातच सेंगकांगला राहायला गेलो, आणि गेल्या पावसाळ्यात एका सकाळी मेधाताईचा फोन आला. नाना झोपेतच गेले होते. मी तिच्याशी नीट बोललो, फोन ठेवला, आणि मग स्वयंपाकघरात उभं राहून, स्टँडमधलं एक स्टीलचं ताट हातात घेऊन, रडलो.

अंकलना फोनवर सांगणं बरं दिसलं नसतं. मी पासिर रिसला गेलो. ते तिथेच होते, त्याच टेबलाशी, एकटेच दोन्ही बाजूंनी खेळत. मी समोर बसलो आणि सांगितलं. त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला, खिशातलं पेन चाचपलं, पुन्हा चष्मा घातला.

"परत येतो म्हणाला होता," ते म्हणाले.

ते पटाकडे बघत राहिले. मग त्यांनी नानांच्या बाजूचा हत्ती उचलला, सरळ पुढे नेला, नदीपलीकडे ठेवला, आणि तिथेच राहू दिला.